हिमकेतूच्या स्वाऱ्या

अकोला,
४ ऑक्टोबर १९५७

प्रिय तारा,

दिवाळीच्या आधीच माझं पत्र आलं, म्हणजे काहीतरी विशेष असणार असं तुला वाटेल. विशेष काही नाही. हिमकेतूने लिहायला लावलं.

हिमकेतू आठवतो ना? आपण कॉन्व्हेंटात असताना शिवणाच्या तासाला रचलेला राजा. तू बारा वर्षांची, मी तेरा. सिस्टर अग्नेसच्या टेबलामागे बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर होतं, म्हणून त्याचं राज्यही बर्फात. अमरावतीच्या उन्हाळ्यात रुमालांच्या कडा दुमडत, ओठ न हलवता, आपण त्याच्या फौजा बर्फातून नेत असू. सात शेजारी राज्यं होती आणि सातही त्याने जिंकली. सहामाहीपर्यंत चार, वार्षिक परीक्षेपर्यंत उरलेली तीन.

यंदा आमच्या आळीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला माझ्या ओसरीवर येतात. गाणी संपली की बंद डब्यातला खाऊ ओळखायचा, आपण बहिणी चांदूर बाजारला आजोळी ओळखायचो तसाच. काल मी उकडलेले शिंगाडे ठेवले होते. कोणालाच ओळखता येईना. करंजी म्हणून झालं, चकली म्हणून झालं, एक तर वैतागून 'साबण' म्हणाली! हरल्या म्हणून रुसू नयेत, यासाठी शिंगाडे वाटून मी त्यांना हिमकेतूची गोष्ट सांगितली. सातवं राज्य पडलं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे धुणंभांडं करणारी मैनाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, त्या राजाले घरी काय कमी होतं? दुसऱ्याच्या मुलखात काहून घुसून राह्यला तो?"

खरंच की, तारा. वर्षभर आपण त्याला लढवलं आणि तो का लढतो हे कधी ठरवलंच नाही. तर आता ठरवू, खाऊ ओळखतात तसं. एका पत्रात एक अंदाज. पटला नाही तर दुसरीने सरळ 'नाही' म्हणायचं, आडपडदा ठेवायचा नाही.

माझा अंदाज: भीती. आपण गेलो नाही तर ते येतील. आमचे मोरोपंत म्हणत, समोरच्याने दावा लावायच्या आत आपण लावावा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण अशिलांना दिलेले सल्ले माझ्याच कानात राहिले आहेत.

बाकी ठीक. घरात माणसांची ये-जा असते. आमचा रविकांत जबलपूरहून सारखा बोलावतो. उन्हाळ्यात चार महिने त्याच्याकडे राहून आले, आता सवड होत नाही. तुझ्याकडे मात्र यावंसं वाटतं. अकोल्याहून अमरावती ती काय लांब! पण तू कधी म्हणत नाहीस.

तुझी,
विमलताई


अमरावती,
१९ ऑक्टोबर १९५७

विमलताई,

नाही. नियमाप्रमाणे आधी तेवढं लिहून टाकते. भित्रा राजा थंडीच्या दिवसांत स्वारीवर निघणार नाही. आणि तू त्याला नेहमी फौजेच्या पुढे घोड्यावर बसवायचीस. त्याला शाल पांघरून मागे पालखीत बसवणारी मी होते.

माझा अंदाज सांगते. हिमकेतूच्या राज्याच्या कडेला एक नदी आहे. ती हिवाळ्यात गोठते. पलीकडच्या काठाला संध्याकाळी गाणी चालतात. याच्या महालात कोणी गात नाही, कारण राजा ऐकतो आहे म्हटल्यावर गळे बसतात. म्हणून तो गच्चीत उभा राहून पलीकडची गाणी ऐकतो. एक दिवस राहवत नाही, निघतो. राजा निघाला की फौज निघतेच. तो पलीकडे पोहोचतो तेव्हा गाणी थांबलेली असतात, दारं लागलेली असतात. मग त्याला वाटतं, गाणं पुढच्या राज्यात गेलं असेल.

हे मला कसं सुचलं ते सांगितलं तर हसशील. मार्चमध्ये मी शाळेतून निवृत्त झाले. सकाळी अजून दहाच्या आत तयार होते, पदराला पिन लावते आणि मग आठवतं, जायचं नाही. संध्याकाळी शेजारी बेबीताईंकडे पंगत बसते. भिंत पातळ आहे. 'मले भात नोको', 'अगं वाढ त्याला', कोणाला तरी ठसका, मग सगळे हसतात. मी ऐकत बसते. परवा त्यांची वाटी परत करायचं निमित्त काढून मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले. मी दारात दिसल्याबरोबर सगळे ताटावर ताठ बसले. 'या बाई, बसा बाई.' मोठ्या बाई घरात आलेल्या! मुलांनी तर न आवडणारी भाजीसुद्धा मुकाट्याने संपवली. वाटी ठेवून परत आले. भिंतीपलीकडे पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

तुझं घर माणसांनी भरलेलं असतं हे वाचून बरं वाटलं. हे गेल्यापासून त्यांची खोली मी तशीच ठेवली आहे. म्हणजे रिकामी.

तुझी,
तारा


अकोला,
२ नोव्हेंबर १९५७

प्रिय तारा,

नाही, नाही आणि नाही! तुझा राजा फार हळवा आहे. गाणी ऐकण्यासाठी कोणी सात राज्यं जिंकत नाही. पहिल्यालाच तो रडत घरी परतला असता.

मी सांगते तो का गेला. त्याला बघवलं नाही. शेजारच्या राज्यात विहिरी गाळाने भरलेल्या, रस्ते खचलेले, कोठारात उंदीर, आणि तिथला राजा शेकोटीपाशी हात शेकत बसलेला. आपल्याला येतं, आपल्याला दिसतं, तर आपण नुसतं बघत बसायचं का? त्याने विहिरी उपसल्या, रस्ते बांधले. लोकांना ते आवडलं की नाही हे त्याने विचारलं नाही, कारण न आवडण्यासारखं त्यात होतं काय?

जबलपूरला मी तेच केलं. सूनबाई चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा मिठाशेजारी आणि चिमटा कधी खिडकीत तर कधी माठामागे. चार दिवसांत सगळं लावून दिलं. पडद्यांचं कापड बदललं. तिची दूधवाली पाणी घालत होती, ती बदलली. सूनबाई एका शब्दाने काही बोलली नाही. शेवटी शेवटी तर ती इतकी शांत झाली होती, की रविकांतच म्हणाला, 'आई, तू आता दमली असशील, घरी जाऊन विश्रांती घे.' किती काळजी बघ त्याला.

आणि लांब कशाला, वसंतराव गेले तेव्हा तुझंही घर मी असंच सावरलं नव्हतं का? तू बिचारी सुतकाच्या दिवसांत आतल्या खोलीत बसलेली, तुला कसलं भान. येणारे-जाणारे, त्यांच्या अंघोळी, तेराव्याचं दान, सगळं मी पाहिलं. तू बाहेर आलीस तेव्हा तुला रडायला लावील अशी एक वस्तू मी समोर ठेवली नव्हती. त्याला या डिसेंबरात नऊ वर्षं होतील. तेव्हापासून तू मला एकदाही 'ये' म्हटलेलं नाहीस. तारा, सरळ विचारते. डिसेंबरात येऊ का?

विमलताई


अमरावती,
२८ नोव्हेंबर १९५७

विमलताई,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आडपडदा ठेवायचा नाही हा नियम तूच केलास, म्हणून हे चौथं पाठवते आहे.

तुझ्या हिमकेतूने तिसऱ्या राज्यातली विहीर उपसली. पाणी खरंच स्वच्छ झालं. पण त्या गाळात एका बाईचं काहीतरी पडलेलं होतं. ते तिथे आहे एवढं तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर ती रोज पाणी भरत होती. गाळ गाड्यांत भरून कुठे नेऊन टाकला, हे तिला कोणी सांगितलं नाही. ती विचारायला गेली तेव्हा राजा घामाघूम होऊन हसत उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. अशा माणसाला काय बोलणार?

आता खरं सांगते. यांच्या खोलीबाहेर, पडवीत, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. तू म्हणशील, रद्दी होती. त्या कागदांत पानं होती, ताई. वीस वर्षं दर सुट्टीत सेमाडोहच्या जंगलात जाऊन आणलेली, दाबून वाळवलेली पानं, फुलं, गवतं. प्रत्येकाखाली यांच्या अक्षरात चिठ्ठी: सिपना नदीचा डावा काठ, पावसानंतर, सकाळ. पहिल्या काही वर्षांच्या चिठ्ठ्यांवर माझं नावही आहे, कारण तेव्हा मी बरोबर जायची आणि छत्री धरायची. नाव होतं, म्हणायला हवं.

मी आतल्या खोलीत बसले होते. बाहेर अंघोळीला माणसं खोळंबली होती, लाकडं ओली होती. मला तुझा आवाज ऐकू आला, 'ते पडवीतलं वाळकं घाला रे बंबात, भुरकन पेटेल.' भुरकन पेटलं. मी उठू शकत होते. दहा पावलांवर तर बंब होता. पण मृत्यूच्या घरातली बाई उठून बाहेर येऊन, चारचौघांत ओरडते कशी? मी बसून राहिले. तेरा दिवस लोक त्या पाण्याने अंघोळ करून गेले.

तुला कधी सांगितलं नाही, कारण तू मायेने केलंस. पण 'ये' हा शब्द मला त्यानंतर लिहिता आला नाही. अजूनही येत नाही.

तारा


अकोला,
२० जानेवारी १९५८

तारा,

तुझं पत्र पोचलं.

मला वाटलं होतं, पडवीतली अडगळ. मी तेव्हा सुतळीसुद्धा वाया घालवली नाही, गुंडाळून ठेवली. ती सुतळी मी अकोल्याला घेऊन आले होते.

क्षमा कशी मागायची ते मला येत नाही. कोणाच्या घरात शिरून काम कसं करायचं एवढंच येतं. तूही खरं सांगितलंस, तर मीही सांगते. माझं घर भरलेलं नाही. मोरोपंत गेल्यावर मी मोठं घर सोडून या तीन खोल्यांत आले. इथे माझ्याकडे कोणी येत नाही. भुलाबाईच्या मुली महिनाभर आल्या, खाऊसाठी. आणि रविकांत बोलावत नाही. त्याने ऑगस्टात लिहिलं, 'सध्या इकडे येण्याची घाई करू नये, हिला त्रास होतो.' ते पत्र मी निदान पन्नास वेळा वाचलं आणि दर वेळी मला वाटलं, सून आजारी आहे. तुझं वाचल्यावर पुन्हा काढून वाचलं. ती आजारी नाही, तारा.

काल मैनाबाईला म्हटलं, तू विचारलंस ना राजा का लढतो, तूच सांग. ती राख हातात घेऊन भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले कोनी 'या, बसा' म्हटलं नसन, बाई. राजा पडला ना! पाहुना होऊन जाता येत नाई त्याले. मंग फौज घेऊन जाते."

 मी तिला चहा करून दिला.

विमल


अमरावती,
५ फेब्रुवारी १९५८

विमलताई,

मैनाबाईंनी ओळखलं.

ये. पाहुणी म्हणून ये. या महिन्याच्या शेवटी इथे हवा चांगली असते. आठ दिवसांचे कपडे आण. या, बसा.

तारा


अकोला,
१० मार्च १९५८

प्रिय तारा,

सुखरूप पोचले. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाने पेटी चांगली धरली.

आठ दिवस तू माझं फार केलंस. मी तुझं काही हलवलं नाही ना? दुधाची पातेली तू ठेवतेस तिथेच आहे, मी निघताना पाहिलं. पुस्तकांवर ऊन पडत होतं, पण मी खिडकी लावली नाही. तुला उघडी हवी असेल म्हणून. माझ्यामुळे तुझ्या दिनक्रमात अडचण झाली असल्यास मनात ठेवू नकोस.

बेबीताईंना नमस्कार सांग.

तुझी,
विमल


अकोला,
२ एप्रिल १९५८

अमरावतीच्या ताराबाईले मैनाबाईचा रामराम.

मले लिवता येत नाई. शेजारचे शालिकराम मास्तर लिवून देऊन राह्यले. पत्ता बाईच्या पाकिटावरून घेतला. बाईले सांगू नका.

आमची बाई तुमच्याकडून आली तवापासून बोलत नाई. आंगात ताप नाई, दुखनं नाई. पहिले मी उशिरा आली तं 'घड्याळ दिसत नाही का मैनाबाई' म्हनून दारातच उभी राहे. भांड्याले राख राहिली तं परत घासाले लावे. मले राग ये. आता मी दुपारी बारा वाजता जातो, तरी काई म्हनत नाई. परवा मुद्दामच तवा काळा ठेवला. तिनं पाह्यला अन् तशीच पोळी टाकली. मले लाज वाटली, मी घासून काढला.

कायलेच हात लावत नाई बाई. फडताळ उघडते अन् मले इचारते, 'मैनाबाई, हे इथे ठेवलं तर चालेल का?' तिचंच घर अन् मलेच इचारते!

तुमी काय केलं हो तिले?

मैनाबाई


अमरावती,
९ एप्रिल १९५८

विमलताई,

तुला वाईट वाटेल, पण एक कबुली द्यायची आहे.

तू इथे होतीस ते आठ दिवस मी जिंकत होते. पहिल्या दिवशी तू माठातलं पाणी घेण्याआधी 'घेऊ का?' म्हणालीस. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कपबशी हातात धरून उभी राहिलीस, कुठे ठेवू म्हणून. तेव्हाही बरं वाटलं. चौथ्या दिवशी माझा पदर खिळ्याला अडकून फाटला. तुझा हात पुढे आला आणि मागे गेला. तू जन्मभर पदर, झालरी, बटणं शिवत आलीस, सिस्टर अग्नेस वर्गात तुझा टाका सगळ्यांना दाखवायच्या, आणि तू माझ्याकडे पाहून 'तुझी तू शिवशील ना?' म्हणालीस. मी 'हो' म्हटलं. त्या वेळी सुद्धा, ताई, मला वाटलं, शिकली एकदाची.

तू गेल्यावर घरातली एकही वस्तू जागची हललेली नव्हती. तू आली होतीस याची कुठे खूण नव्हती. मी चार दिवस शोधली.

आपण दोघींनी हिमकेतूचेच अंदाज बांधले. हरलेल्या राज्यांत काय होतं, हे कोणी विचारलंच नाही. एक हरलेली बाई नऊ वर्षं दार लावून आत बसली होती. तिच्याजवळ फौज नव्हती, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसूनही माणसाला पुरतं जिंकता येतं, हे मला आता समजलं. आणि बंबापाशी उठून न येणं माझंच होतं. 'ते नको, ताई' एवढे शब्द तू ऐकले असतेस. तू आगीत हात घातला असतास, मला माहीत आहे. दहा पावलांचा राग मी नऊ वर्षं तुझ्या नावावर ठेवला.

गेलेली पानं येणार नाहीत. त्यांची आठवण आली की मला तुझा राग येईल, पुढेही येईल. पण तो तुझ्यासमोर बसून यावा असं वाटतं. तू उलट बोलावंस. माझा हिशेब चुकला तर तू सांगावंस, तुझा चुकला तर मी. तुझ्या मैनाबाई तुला घाबरेनाशा झाल्या आहेत, असं मला कुठूनसं कळलं. कुठून ते विचारू नकोस. हे चांगलं लक्षण नाही.

मी पुढच्या शनिवारी येते आहे. तू बोलावलेलं नाहीस, तरी येते आहे. किती दिवस राहायचं ते ठरवलेलं नाही. पेटी मोठी आहे. तुझ्या स्वयंपाकघरात मी माझ्या मनाने वावरणार, वस्तू कुठेही ठेवणार, आणि मला कोणी काही शिकवलेलं आवडत नाही हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा तयार राहा.

सकाळच्या गाडीने निघून बडनेऱ्याला बदलेन. उन्हं वाढली आहेत, स्टेशनवर येऊ नकोस, मी टांगा करीन. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, तर पत्ता लिहिताना हात थांबला. मोरोपंत गेल्यावर तू या घरात राहायला गेलीस, त्याला साडेतीन वर्षं झाली. या पत्त्यावर मी इतकी पत्रं टाकली आणि तिथे एकदाही आले नाही. पायऱ्या किती, दार कोणत्या बाजूला, काही माहीत नाही.

उलट टपाली कळव. तुझ्या दाराला रंग कोणता आहे? टांगेवाल्याला काय सांगू?

तुझी,
तारा